पडद्यावरचा गुंठा: नेटलोगो वेबचा आठ महिन्यांचा अनुभव

रावेर तालुक्यातील एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवतो. गेल्या जुलैपासून नेटलोगो वेब हे ब्राउझरमध्ये चालणारे साधन मी वर्गात आणि घरी वापरत आहे. प्रत्येक प्राण्याला किंवा झाडाला साधे नियम देऊन त्यांचे एकत्र वागणे पडद्यावर दाखवणारी मॉडेल्स त्यात बनवता येतात. मूळ नेटलोगो उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये तयार केले. ते मोफत आहे, आणि वेब आवृत्तीला इन्स्टॉलेशन लागत नसल्यामुळे आमच्या लॅबमधल्या जुन्या संगणकांवरही काम भागले.

त्यातील लांडगे आणि मेंढ्यांचे तयार मॉडेल सुरुवातीला उपयोगी पडले, पण मुलांचे लक्ष खरे लागले ते केळीवरच्या हरण्या रोगाकडे वळल्यावर. नवे मॉडेल उघडले की पडदा ३३ बाय ३३ चौकोनांचा असतो, आणि आपला गुंठाही ३३ बाय ३३ फुटांचाच. निव्वळ योगायोग आहे, पण १,०८९ हा आकडा वर्गातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलाला पाठ असल्यामुळे अर्धे शिकवणे तिथेच झाले. चौकोनात एक झाड आणि पाच बाय पाच फुटांची लागवड धरली, की पंचवीस गुंठ्यांची बाग उभी राहते.

आमच्या पहिल्या मॉडेलमध्ये एकदा विषाणू घेतलेला मावा (झाडाचा रस शोषणारा बारीक कीटक) मरेपर्यंत रोग पसरवत होता, त्यामुळे बघता बघता सगळी बाग पिवळी पडली. चूक आमचीच होती. हरण्या रोग ज्यामुळे होतो तो कुकुंबर मोझॅक विषाणू माव्याच्या सोंडेवर थोडाच वेळ टिकतो. रोगट पानाचा रस क्षणभर चाखून मावा शेजारच्या झाडाला लागण करतो आणि लवकरच निरुपद्रवी होतो. एका विद्यार्थ्याचे वडील म्हणाले होते, ‘सर, आमच्या केळीवर मावा दिसतो कुठे?’ प्रश्न रास्त होता, कारण हा मावा वाढतो काकडीवर आणि कपाशीवर. केळीवर तो केवळ येऊन जातो. मग आम्ही माव्याचा मुक्काम बांधावरच्या काकडीत हलवला, तेव्हा कुठे लागण बांधाकडून आत सरकताना दिसू लागली. माव्याच्या फेऱ्यांचे आकडे आम्ही अंदाजाने घातलेले असल्यामुळे या मॉडेलवरून कोणाला फवारणीचा सल्ला मात्र मी देणार नाही.

प्रत्येक वेळी निकाल थोडा वेगळा येतो, कारण मावा कुठे वळेल हे यदृच्छेवर सोडलेले असते. एकच प्रयोग शेकडो वेळा चालवायचा असेल, तर डेस्कटॉप आवृत्तीतली बिहेवियरस्पेस ही सोय वापरावी. आज्ञा इंग्रजी शब्दांत लिहाव्या लागतात. मुलांना त्याची सवय व्हायला दोन आठवडे लागले.

याआधी मी समीकरणांवर आधारित एक वर्गणीचे संकेतस्थळ वापरत होतो. मोफत मुदत संपताच तीन महिन्यांचे काम कुलुपात गेले, आणि एसबीएमएल या, वेगवेगळ्या साधनांत मॉडेल उघडता यावे म्हणून असलेल्या सामायिक स्वरूपात ते बाहेर काढण्याची सोयही तिथे नव्हती. इथे संपूर्ण मॉडेल एका एचटीएमएल फाइलमध्ये उतरवता येते आणि ती फाइल इंटरनेटशिवाय चालते. लोडशेडिंगमध्ये लॅपटॉपच्या बॅटरीवर मी दोन तास घेतले ते त्याच जोरावर.

ज्याच्या वडिलांनी माव्याचा प्रश्न विचारला होता, तो विद्यार्थी केळीच्या मॉडेलची अशीच फाइल पेन ड्राइव्हवर घालून घरी घेऊन गेला. रोगट झाड उपटायला लागणाऱ्या दिवसांचा स्लायडर त्याच्या वडिलांनी आधी तीनवर ठेवला, मग बारावर नेला, आणि शेवटी म्हणाले, ‘आता ती काकडी काढून दाखव.’