एका लॅपटॉपला दोन स्पीकर सेट: वाय स्प्लिटर, यूएसबी साउंड कार्ड, व्हॉइसमीटर सगळं वापरून झालं

घाईत असाल तर आधीच सांगते, दोन्ही खोल्यांत एकच गाणं वाजवायचं असेल आणि दोन्ही स्पीकर सेट स्वतःच्या प्लगवर चालणारे असतील तर साधा वाय स्प्लिटर, म्हणजे एका पिनचे दोन फाटे करणारी छोटी वायर, आणा, काम झालं. सॉफ्टवेअर वगैरे भानगडीत पडायची गरज नाही. बाकीचं ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

आमच्याकडे हॉलमध्ये जुना २.१ सेट आहे, म्हणजे दोन छोटे डबे आणि एक वूफर, आणि किचनमध्ये दोन स्पीकरची जोडी, ती आधी डेस्कटॉपची होती, डेस्कटॉप भंगारात गेला आणि स्पीकर राहिले. लॅपटॉप असतो हॉलमध्ये. सकाळी सासूबाईंना किचनमध्ये अभंग हवे, सासरे हॉलमध्ये पेपर वाचत तेच ऐकणार, आणि हॉलमधला आवाज किचनपर्यंत पोचवायचा तर इतका वाढवावा लागतो की खालच्या मजल्यावरून फोन येतो. मिक्सर चालू झाला की तर विषयच संपला. म्हणून एकाच लॅपटॉपवर दोन्ही सेट.

स्प्लिटर घ्यायला पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत गेले. ऑनलाइनही मिळतो पण एक गोची आहे, दिसायला अगदी सारखे असे दोन प्रकार येतात. एकात एका पिनमधून दोन स्टेरिओ आउटपुट निघतात, आपल्याला तो हवा. दुसऱ्यात एक भोक हेडफोनचं आणि दुसरं माइकचं असतं, तो कॉम्प्युटरचे जुने हेडफोन-माइक लॅपटॉपला लावायला असतो, त्यात माइकच्या भोकात स्पीकर लावला तर गाणं येणारच नाही. दुकानदाराने पहिलाच प्रश्न तो विचारला, "ताई, माइकवाला की दोन हेडफोनवाला?" ओळखायची खूण पण त्यानेच दाखवली, पिनवर तीन काळ्या रिंगा असतील तर त्यात माइकची लाइन आहे, दोन असतील तर निव्वळ स्टेरिओ. शंभरच्या आसपास एक जाडसर वायरवाला मिळाला. एकदम कडक ठोकळ्यासारखा मिळतो तो नका घेऊ, दोन केबलचं वजन आणि ओढ सगळी लॅपटॉपच्या जॅकवर येते आणि जॅक ढिला झाला की मदरबोर्डपर्यंत काम जातं.

बऱ्याच जणांना वाटतं की दोन सेट लावले की आवाज अर्धा होईल किंवा लॅपटॉपवर लोड येईल. तसं काही होत नाही. ओहम म्हणजे करंटला होणारा विरोध, तो जितका जास्त तितका लॅपटॉपवर भार कमी. हेडफोन असतो ३२ ओहमच्या आसपास, आणि पॉवरवाल्या स्पीकर सेटचा इनपुट असतो हजारो ओहमचा, बहुतेक वेळा १० हजारच्या घरात, म्हणजे दोन सेट मिळूनसुद्धा लॅपटॉपला एका हेडफोनपेक्षा कितीतरी कमी काम पडतं. आवाज मोठा करायचं काम सेटच्या आतला ॲम्प्लिफायर करतो. पण म्हणूनच जुन्या म्युझिक सिस्टिमचे नुसते लाकडी डबे, ज्यांना स्वतःचा प्लग नाही, ते असे लावून उपयोग नाही, त्यांना मध्ये ॲम्प्लिफायर लागणारच. आणि उलटं पण करू नका, म्हणजे दोन लॅपटॉप एका वाय मधून एकाच स्पीकरला, त्यात एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटवर आदळतं.

मला यात सगळ्यात आवडलं ते हे की प्रत्येक सेटचं बटण वेगळं राहतं. लॅपटॉपचा आवाज ७०-८० वर ठेवून द्यायचा, किचनचं बटण सासूबाईंच्या हातात, हॉलचं सासऱ्यांच्या, कोणी कोणाला हाक मारायची गरज नाही.

आता त्रासाची बाजू. किचनपर्यंत १० मीटरची केबल लागली, ती भिंतीच्या कडेने केसिंग पट्टीतून नेली, आणि दोन्ही सेट चालू केल्याबरोबर घुंईईई. गाणं बंद असलं तरी घुंईईई. लॅपटॉपचा चार्जर काढला की गप्प! हा ग्राउंड लूप. दोन्ही सेट वेगवेगळ्या सॉकेटवर, चार्जर तिसऱ्या, त्यांचे ग्राउंड ऑडिओ केबलच्या जाळीतून एकमेकांना जोडले जातात आणि त्यातून जो बारीकसा करंट फिरतो तो आपल्याला ५० हर्ट्झच्या गुणगुणीसारखा ऐकू येतो. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतलं तर बऱ्याचदा जातो, पण दोन खोल्यांत ते कसं जमणार. शेवटी ग्राउंड लूप आयसोलेटर आणला, छोटी डबी असते, दोन्ही बाजूंना ३.५ एमएमची, म्हणजे नेहमीच्या हेडफोन पिनची सोय, आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर, गाणं पलीकडे जातं पण तारेने तार जोडलेली राहत नाही. किचनच्या लाइनवर लावला आणि गुणगुण बंद, अगदी बंद. स्वस्तातल्या आयसोलेटरमध्ये खालचा बेस थोडा जातो, म्हणून तो वूफरवाल्या सेटला न लावता किचनच्या लाइनवरच लावला, अभंगाला तेवढा बेस लागतोय कुठे. एक मात्र कृपा करून ऐका, चार्जरच्या थ्री पिनमधली अर्थिंगची पिन काढून टाका असा सल्ला देणारे भेटतात, आवाज जातो हे खरं, पण ती पिन शॉक लागू नये म्हणून असते.

आणि यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकर असतात ना, त्यातल्या पुष्कळांमध्ये यूएसबी फक्त करंटसाठी असते, आवाज ३.५ एमएमनेच जातो. त्यांना यूएसबी लॅपटॉपला न देता मोबाइलच्या चार्जरला देऊन बघा, कधी कधी तेवढ्याने किरकिर जाते.

यूएसबी साउंड कार्डचा उद्योग का केला तर मुलाला हवं होतं. त्याला हॉलमध्ये गेम आणि किचनमध्ये अभंग एकाच लॅपटॉपवरून. हे स्प्लिटरने होणार नाही, त्याला दुसरं आउटपुटच लागतं. कार्ड म्हणजे पेन ड्राइव्हएवढी वस्तू, लावली की विंडोज आपोआप ओळखतं. नुसतं वेगवेगळं वाजवायचं असेल तर विंडोज ११ मध्येच सोय आहे, सेटिंगमध्ये सिस्टिम, साउंड, आणि खाली व्हॉल्यूम मिक्सर, तिथे कुठलं ॲप कुठल्या आउटपुटवर ते ठरवता येतं. हे कितीतरी जणांना माहीतच नसतं.

पण एकच गोष्ट दोन्ही आउटपुटवर एकदम वाजवायला विंडोज सरळ तयार होत नाही. काही लॅपटॉपमध्ये साउंडच्या जुन्या खिडकीतल्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये स्टेरिओ मिक्स (लॅपटॉपवर जे वाजतंय तेच माइकसारखं परत देणारं) लपलेलं असतं, ते चालू करून 'लिसन टू धिस डिव्हाइस'वर टिक मारायची आणि दुसरा स्पीकर निवडायचा. चालतं, पण दुसरा सेट किंचित मागे पडतो आणि एकाच खोलीत असाल तर चक्क घुमल्यासारखं होतं.

इथे व्हॉइसमीटर बनाना नावाचं विंडोजचं मिक्सर सॉफ्टवेअर कामाला येतं. घरगुती वापराला फुकट, आवडलं तर पैसे द्या असा मामला. इन्स्टॉल झाल्यावर रीस्टार्ट करायचं, विंडोजचं डिफॉल्ट आउटपुट व्हॉइसमीटर करायचं, मग वर उजवीकडे ए१, ए२, ए३ अशी तीन आउटपुट दिसतात, प्रत्येकाला एकेक सेट द्यायचा. लिस्टमध्ये एकाच स्पीकरचं नाव दोन-तीनदा दिसतं, पुढे डब्ल्यूडीएम, एमएमई असं लिहिलेलं असतं, त्या विंडोजच्या आवाज पाठवायच्या वेगवेगळ्या पद्धती, त्यातलं डब्ल्यूडीएमवालं घ्या, एमएमईवाल्यात उशीर जास्त. सगळं ए१ च्या घड्याळावर चालतं, म्हणून त्यातल्या त्यात चांगलं कार्ड ए१ ला, आणि दोन्ही कार्डांचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) विंडोजमध्ये सारखाच ठेवा, दोन्हीकडे ४८००० किंवा दोन्हीकडे ४४१००, नाहीतर टिकटिक ऐकू येऊ शकते. जो सेट पुढे पळतोय त्याला मिलिसेकंदात उशीरही देता येतो, हे मला फार आवडलं. पण स्क्रीन उघडली की लग्नातल्या डीजेच्या टेबलासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. घरातल्या ज्येष्ठांना हे शिकवणं मला तरी जमलं नाही, आणि जमवायचंही नव्हतं. मुलगा वापरतो मजेत.

ब्लूटूथचा विचार करणाऱ्यांनी एवढं गणित करा. साध्या ब्लूटूथ स्पीकरला आवाज पोचायला १५० ते २०० मिलिसेकंद सहज लागतात. हवेतून आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे वायरवाल्या सेटशेजारी ब्लूटूथवाला ठेवला तर तो ५०-७० मीटर लांब उभा असल्यासारखा उशिरा बोलणार. अभंगाचा टाळ दोनदा ऐकू येईल. दोन ब्लूटूथ स्पीकर एकमेकांना जोडायची सोय, जेबीएलच्या पार्टीबूस्टसारखी, ती पण तेच फीचर असलेल्या स्पीकरांमध्येच चालते, कुठलाही कुठल्याहीशी नाही.

मॅकवाल्यांचं मात्र बरंय. ऑडिओ मिडी सेटअप नावाचं ॲप आधीच असतं, त्यात अधिकचं चिन्ह दाबून मल्टी-आउटपुट डिव्हाइस बनवायचं, दोन्ही सेटवर टिक, दुसऱ्याला ड्रिफ्ट करेक्शन (म्हणजे त्याचं घड्याळ पहिल्याशी जुळत राहतं), झालं. फक्त मग कीबोर्डवरून आवाज कमी-जास्त होत नाही, सेटच्या बटणावरूनच करायचा.

गॅलरीत तिसरा सेट लावायचं मनात आहे, केबल आणून ठेवलीय, पण तिथला प्लग पॉइंट पावसात भिजतो, त्यामुळे ते आता दिवाळीच्या सुमाराला.