बारोलो घ्यावी की बार्बेरा?

इटलीतल्या पिएमोन्ते प्रांतातल्या लाल वाइनची एकच बाटली घ्यायची असेल, तर गाडी शेवटी नेब्बिओलो आणि बार्बेरा या द्राक्षांच्या दोन वाणांवर येऊन थांबते. दोन्ही तिथलीच, आंबटपणात दोन्ही तोडीस तोड. खरा फरक तुरटपणाचा.

बारोलो ही नेब्बिओलोची वाइन. दिसायला फिकी, जुनी होत गेली की काठाला विटकरी. रंगावर मात्र जाऊ नका. पहिल्याच घोटाला हिरड्या आवळून येतात. नियमाने किमान 38 महिने, त्यातले 18 लाकडात, मुरल्याशिवाय ती विकताच येत नाही. तरी तेवढ्याने तिचं भागत नाही. वास मात्र विलक्षण: सुकलेला गुलाब आणि डांबर, दोन्ही एकदम. पुरेशी जुनी बारोलो मिळाली, तर बार्बेरा तिच्या पासंगालाही पुरत नाही, हे मान्य.

घोडं अडतं ते या ‘पुरेशी जुनी’वर. खिशाला परवडते ती बहुधा कोवळीच असते. दुपारीच जगमध्ये ओतून ठेवली तरी जेवताना तुरटच लागते. ताटं उचलली जातात आणि मग ग्लासच्या तळाशी उरलेल्या दोन घोटांतून गुलाब यायला लागतो. दर वेळी हेच होऊ लागलं की वैताग येतो. घरी नेऊन दहा वर्षं ठेवा, असं सांगणारे भेटतात. पण मुंबईच्या उकाड्यात ठेवायची कुठे? शिवाय तिखट रश्श्याबरोबर तो तुरटपणा जास्तच बोचतो.

बार्बेराचं तसं नाही. रंग गडद जांभळा, तुरटपणा नावापुरता, बूच काढलं की तयार. आन्योलोत्ती या मांस भरलेल्या पास्त्यावर लोण्याचा हात सढळ असतो. तिथे हिचा आंबटपणा तोंड लख्ख करतो. 1986 मध्ये इटलीत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या स्वस्त वाइनने माणसं दगावली, त्यात बार्बेराचंही नाव बदनाम झालं. पण त्याआधीच, 1982 च्या पिकापासून, वाइन बनवणारे जाकोमो बोलोन्या यांनी तिथल्याच रोक्केत्ता तानारो गावात लहान ओक पिंपांत मुरवून ‘ब्रिक्को देल्लुच्चेल्लोने’ ही बार्बेरा केली होती. बार्बेरा म्हणजे रोजची साधी वाइन, हा समज तिने मोडला.

कुणाला पटेल, कुणाला नाही, पण स्वतःच्या पैशांनी घेताना माझा हात बार्बेराकडेच जातो. लेबलवर ‘नित्सा’ हे तिथल्या एका भागाचं नाव असेल तर उत्तम. 2014 च्या पिकापासून नित्साच्या वाइनला स्वतंत्र दर्जा आहे आणि ती निव्वळ बार्बेराची असते. फक्त व्हॅनिलाचा भपकारा येणारी, ओकमध्ये बुडालेली टाळा. नेब्बिओलोच हवी असेल, तर बारोलोऐवजी लांगे नेब्बिओलो बघा. ती स्वस्त पडते आणि फार ताटकळत ठेवत नाही.