होडीच्या दोन बॅटऱ्या, १४ महिने वापरल्यावर

आमची होडी १८ फुटी, फायबरची, मागे बाहेरून लावलेलं २५ एचपीचं सेल्फ स्टार्टवालं आउटबोर्ड इंजिन. दाभोळच्या खाडीत असते. धंदा वगैरे काही नाही, शनिवार-रविवार गरी टाकायला जायचं, जिताडा किंवा तांबोशी लागली तर ठीक, नाहीतर वारा खाऊन परत. गेल्या वर्षीच्या जानेवारीत दोन नव्या बॅटऱ्या टाकल्या, मध्ये एक पावसाळा गेला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. आठ दिवस वापरून पाच स्टार देणाऱ्यांचा मला घेताना काडीचा उपयोग झाला नव्हता.

आधी एकच बॅटरी होती, ६५ एएच (म्हणजे अँपिअर-तास), चारचाकीत असते तीच. सेल्फ तिच्यावर, दोन एलईडी तिच्यावर, पाण्याखालचे मासे दाखवणारा फिशफाइंडर, मासे जिवंत ठेवायच्या टाकीचा पंप, वरून सगळ्यांचे मोबाईल. नोव्हेंबरात एका रात्री साडेअकराला गऱ्या गुंडाळल्या, किल्ली फिरवली तर टक्. परत फिरवली, परत टक्. ओहोटी लागलेली आणि होडी आपली हळूहळू धोपाव्याच्या फेरीबोटीच्या वाटेकडे सरकायला लागली. इंजिनला गुंडाळून ओढायची दोरी असते ना, ती घरी पडवीत खुंटीला. शेवटी नांगर टाकला, चुलतभावाला फोन केला, तो त्याची होडी घेऊन येईपर्यंत पाऊण तास तसेच बसलो आणि त्या पाऊण तासात काका जे बोलले ते इथे टाइप करता येत नाही.

दुकानात गेलो तर म्हणे बॅटरी गेली, नवी घ्या. अहो सात महिन्यांची बॅटरी! मग घरी येऊन वहीत हिशेब मांडला, जो खरं तर घ्यायच्या आधी मांडायला हवा होता. त्या रात्री जे चालू होतं ते सगळं मिळून ७ अँपिअर, सहा तास, म्हणजे ४२ अँपिअर-तास गेले. भरले किती? इंजिन जाताना २० मिनिटं, येताना २०. वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावून बघितलं तर माझं इंजिन अर्ध्या थ्रॉटलला ६ अँपिअर देतं आणि आयडलला जेमतेम दीड. म्हणजे एका फेरीत ४ अँपिअर-तास. ४२ गेले, ४ आले. आणि लेडची, म्हणजे शिशाची, बॅटरी अर्ध्याच्या खाली न्यायचीच नसते, म्हणजे ६५ मधले वापरायचे ३२च. त्यात गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ आणि भरपूर असतात, सेल्फला एक दणका द्यायला बनवलेल्या, तासन् तास दिवे जाळायला नाही. अशी पाच-पंचवीस वेळा तळापर्यंत उपसली की ती बसणारच, कंपनी कुठलीही असो.

म्हणून आता दोन वेगळ्या. सेल्फला सीलबंद एजीएम, म्हणजे लेडचीच पण आत ॲसिड जाळीत शोषलेलं असतं ती. बाकी सगळ्याला १०० एएचची लिथियम, लिथियममध्ये पण आयर्न फॉस्फेटवाली, ती घेताना विचारून घ्या. लेडच्या जवळजवळ तिप्पट पैसे पडले आणि घरात दोन दिवस अबोला. पण १०० एएचची लेड बॅटरी असते ३० किलोची, ही ११ किलोची. ओहोटीला जेटीपासून लांब, गुडघाभर चिखलात होडी उभी असते तेव्हा हा फरक काय असतो ते ज्यांनी बॅटरी खांद्यावर वाहिलीय त्यांना सांगायला नको. रविवारी वायरी सोडवून काढायची, पोत्यात घालून घरी आणायची, लिथियमच्याच चार्जरवर लावायची. इनव्हर्टरचा जुना चार्जर लावू नका. इंजिनलाही मी ती मुद्दाम जोडलेली नाही. आणि सेल्फ तिच्यावर मारायचा नाही, सेल्फ क्षणभर शंभराच्या वर अँपिअर ओढतो आणि आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, सरळ कट मारतं.

लिथियमने एकदा मला मामा बनवलं ते पण सांगतो. लेड बॅटरी उतरायला लागली की दिवा मंद होतो, आपल्याला कळतं. हिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपासच, मी मीटर बघून खूश, आणि एका रात्री गरी अर्धी पाण्यात असताना एकदम काळोख. मंद नाही, पिवळा नाही, थेट काळोख. तेव्हापासून किती अँपिअर-तास गेले ते मोजणारा शंटवाला मीटर लावलाय. त्या रात्री इंजिन मात्र पहिल्या किल्लीला चालू झालं कारण सेल्फच्या बॅटरीला कोणी हात लावला नव्हता. माझे पैसे तिथेच वसूल.

आता मेंटेनन्स. बॅटरीपेक्षा जास्त त्रास मला खाऱ्या हवेने दिला. मार्चमध्ये सेल्फ परत जड घ्यायला लागला, बॅटरीवर मीटर लावला तर १२.७ व्होल्ट, म्हणजे फुल. मग चुलतभावाला किल्ली मारायला सांगितली आणि सेल्फच्या टोकाला मीटर धरला, तर ९ च्या खाली. मधले व्होल्ट गेले कुठे? निगेटिव्ह वायरचं थिंबल, म्हणजे टोकाची धातूची टोपी, वरून चकाचक दिसत होतं, पण वायरीवरचं रबर ब्लेडने कापलं तर आत तांबं काळं पडलेलं, त्यावर हिरवट पीठ, कापत गेलो कापत गेलो, वीतभर आतपर्यंत काळंच. पूर्ण वायर बदलली, कलई केलेल्या तांब्याची घातली, टोकांना नवे लग (तसलीच थिंबलं) दाबून क्रिंप केले आणि वर गरम केली की आवळणारी गोंदवाली श्रिंक ट्यूब. आधीच्या टर्मिनलला हाताने फिरवायचे कानवाले नट होते, ते इंजिनच्या थरथरीने सैल व्हायचे, ते काढून साधे नट आणि स्प्रिंग वॉशर टाकले. महिन्यातून एकदा पान्याने चेक, पुसून पातळ व्हॅसलीन, एवढंच. पांढरं जमलं असेल तर खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, फक्त ॲसिडवाली, म्हणजे झाकण उघडून पाणी घालायची, बॅटरी असेल तर ते पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका. ॲसिडवालीत समुद्राचं पाणी गेलं तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणून तळाशी ठेवू नका, उंच ट्रेमध्ये पट्ट्याने आवळून ठेवा आणि वरून हवाबंद पेटी करू नका, चार्ज होताना हायड्रोजन पण निघतो. तिच्यात पाणी डिस्टिलच घालायचं, चार्ज झाल्यावर, आणि ॲसिड वरून कधीच घालायचं नाही.

पावसाळ्यात दोघींची तऱ्हा उलटी आहे. जूनमध्ये होडी वर ओढून शाकारली की एजीएम फुल चार्ज करून ठेवायची आणि महिन्याला परत चार्जरवर, अर्धी ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं. लिथियम अर्धी भरून वायरी काढून गप्प ठेवायची. नारळी पौर्णिमेनंतर बघितलं तर दोन्ही ठणठणीत. काका अजून बॅटरी जमिनीवर ठेवू देत नाहीत, जमीन करंट खाते म्हणतात. प्लास्टिकच्या डब्याला तसं काही होत नाही, पण फळी आहे घरात, ठेवतो त्यावर, वाद कशाला.

मेन स्विचबद्दल एक. इंजिन चालू असताना तो ऑफ केला तर इंजिनमधला रेक्टिफायर, म्हणजे बॅटरी चार्ज करायला करंट सरळ करून देणारा भाग, उडतो, आमच्याकडे पोरं चाळा म्हणून फिरवायची, आता त्यावर झाकण आहे. बिल्ज पंप, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी उपसणारा, मात्र स्विचच्या आधीच, स्वतःच्या फ्यूजवर, थेट सेल्फच्या बॅटरीला जोडलाय, कारण अवकाळी पाऊस आला आणि होडी खाडीत एकटी असली तर पाणी उपसायला दुसरं कोण आहे. फ्यूज बॅटरीपासून वीतभरातच हवा. पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणारा फ्लोट स्विच दर खेपेला हाताने उचलून बघतो, गेल्या महिन्यात त्यात एक खेकडा अडकला होता.

दोरी आता होडीतच असते.