उसळत्या जाहिराती: हाताने सफाई की स्कॅनर?

संगणकावर सारख्या जाहिराती उसळू लागल्या की दोन वाटा असतात: स्वतः शोधून काढणे किंवा अ‍ॅडडब्ल्यूक्लीनरसारखा स्कॅनर, म्हणजे असे नकोसे प्रोग्रॅम शोधून काढणारे साधन, चालवणे. माझा कौल आधी हाताने सफाईला. कोपऱ्यात येणाऱ्या ‘संगणकात व्हायरस आहे’ छापाच्या बऱ्याच सूचना व्हायरसमुळे येतच नाहीत. कुठल्यातरी साइटवर आपण ‘अलाऊ’ दाबलेले असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमधून ती नोटिफिकेशनची परवानगी काढली की त्या थांबतात. स्कॅनरला यात वावगे दिसेलच असे नाही, कारण परवानगी आपणच दिलेली. मग ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) काढा आणि प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या सुमाराचे नाव बहुधा तिथेच सापडते.

पण काढलेले एक्स्टेन्शन पुन्हा उगवत असेल, होमपेज आपोआप बदलत असेल, तर स्कॅनरच हवा. टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी विंडोजची सोय) आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) दडलेले तुकडे हाताने शोधणे फार किचकट, शिवाय रजिस्ट्रीत चुकीची नोंद उडाली तर विंडोजच बिघडू शकते. अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर मोफत आहे, इन्स्टॉलही करावे लागत नाही; २०१६ पासून ते मालवेअरबाइट्सकडे आहे. त्यांच्याच अधिकृत साइटवरून घ्या, पॉप-अपने सुचवलेला ‘क्लीनर’ कधीच नको. सापडलेली यादी वाचूनच पुढे जा: कधी कामाचा प्रोग्रॅमही त्यात अडकतो, आणि तो क्वारंटाइनमधून, म्हणजे काढलेल्या गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या जागेतून, परत आणता येतो.