केळीच्या पट्ट्या टॅलीत: फास्ट-एक्सएमएल-पार्सरसोबत आठ महिने

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचं हिशोबाचं छोटं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विकल्याच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) ब्राउझरमध्ये बनतात, पण सीएला सगळं टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये लागतं. टॅली बाहेरची व्हाउचरं (व्यवहाराच्या नोंदी) एक्सएमएलमध्ये घेते, म्हणजे प्रत्येक माहिती तिच्या नावाच्या टॅगमध्ये गुंडाळलेली लागते. आधी मी बॅकटिकमध्ये टॅग लिहून स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडायचो. एक टॅग बंद करायचा राहिला की अख्खी रात्र गेली. शेवटी फास्ट-एक्सएमएल-पार्सर ही जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी घेतली.

तिच्यातल्या एक्सएमएलबिल्डरला ऑब्जेक्ट द्यायचा, म्हणजे की (नाव) आणि तिची किंमत अशा जोड्या; प्रत्येक कीचा टॅग होतो. अ‍ॅरे (यादी) दिला तर तोच टॅग तितक्या वेळा येतो, आणि मला नेमकं हेच हवं होतं. शेतकरी, हमाली, वाहतूक अशी प्रत्येक ओळ टॅलीला 'ऑललेजरएंट्रीज.लिस्ट' या एकाच टॅगात लागते. नावात टिंब आहे, म्हणून की अवतरणात लिहायची, एवढंच.

पहिल्याच संध्याकाळी मात्र अडकलो. व्हाउचरचा प्रकार हा अ‍ॅट्रिब्यूट (टॅगच्या आतच लिहायची जोडमाहिती) असतो आणि बिल्डरमध्ये त्याच्या कीपुढे '@_' लावतात. मी लावलं, तर त्याचा चक्क टॅग झाला! एक्सएमएलमध्ये टॅगचं नाव @ ने सुरू होत नाही, त्यामुळे फाइलच बाद. 'इग्नोअरअ‍ॅट्रिब्यूट्स' ही अ‍ॅट्रिब्यूटकडे दुर्लक्ष करणारी सेटिंग मुळातच ट्रू असते, ती फॉल्स करायची. कागदपत्रात लिहिलंय, मी वाचलं नव्हतं.

दुसरी चूकही माझीच. जुन्या कोडमध्ये & चं '&एएमपी;' मी हाताने करत होतो. एक्सएमएलमध्ये ते चिन्ह तसं लिहावं लागतं, पण बिल्डर ते स्वतः करतो. दोघांनी केलं, आणि '& सन्स' असलेल्या प्रत्येक पार्टीच्या नावात तो एएमपी जाऊन बसला. मुनीम अण्णांनी हाक मारली, "काय रे भो, हा एएमपी कोन्या गावचा?" माझी रिप्लेसची ओळ काढली, प्रश्न मिटला.

सगळ्यात जास्त छळलं ते व्हाउचरवरच्या मराठी शेऱ्यांनी, आणि त्यात लायब्ररीचा काही दोष नाही. टॅलीला एक्सएमएल मी पोर्ट ९००० वर पाठवतो. किती बाइट येतायत ते सांगणाऱ्या कंटेंट-लेंग्थमध्ये मी स्ट्रिंगची लेंग्थ, म्हणजे अक्षरचिन्हांची संख्या, टाकली होती. 'केळी' जावास्क्रिप्टला ४ दिसतं, पण यूटीएफ-८ मध्ये ते १२ बाइट भरतं. त्यामुळे शेऱ्यात मराठी आलं की एक्सएमएलचं शेपूट कापलं जायचं, इंग्रजी शेरा असला की व्हाउचर सुखरूप पोचायचं. तीन दिवस मी टॅलीलाच शिव्या घातल्या. बाइट मोजणारं बफर.बाइटलेंग्थ वापरल्यावर थांबलं.

आणखी एक. गाडीचा क्रमांक की म्हणून वापरून पट्ट्या गोळा केल्या, तर वहीतला क्रमच गेला. जावास्क्रिप्ट पूर्णांकासारख्या की चढत्या क्रमाने पुढे आणते, बाकीच्या ज्या क्रमाने टाकल्या त्याच क्रमाने. आता साधा अ‍ॅरे ठेवतो. रक्कमही टूफिक्स्ड(२) ने दोन दशांशांपर्यंत करून स्ट्रिंग म्हणूनच देतो, नाहीतर ०.१ आणि ०.२ ची बेरीज पैशांमागे शेपटी लावून येते.

वेगाबद्दल तक्रार नाही. दिवसाच्या पट्ट्या चहा येईपर्यंत जातात. एका दुसऱ्या कामात मात्र मजकुराच्या मधेच टॅग हवे होते. साध्या ऑब्जेक्टमध्ये तो क्रम मावत नाही. 'प्रिझर्व्हऑर्डर' ही क्रम राखणारी सेटिंग लावता येते, पण मग ऑब्जेक्ट असा पसरतो की आपलाच कोड आपल्याला वाचवत नाही. तिथे मी एक्सएमएलबिल्डर२ ही वेगळी लायब्ररी घेतली. पट्ट्यांना अजून फास्ट-एक्सएमएल-पार्सरच आहे.