मुकुट छापलेली चिप: डॅकचे पार्ट्स घेताना झालेली फसवणूक

घरी डॅक, म्हणजे डिजिटल संगीताचे ऐकण्याजोग्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारे यंत्र, बांधणाऱ्याला बंद पडलेल्या चिपचा फारसा धोका नसतो, ती लगेच कळते. खरी भीती चालणाऱ्या बनावट चिपची. आवाज येतो, गाणे वाजते, आणि भारी नावाचे पैसे मोजून आपल्या डब्यात भलतेच काही बसले आहे याचा पत्ता वर्षानुवर्षे लागत नाही. इंदूरच्या एका विक्रेत्याने मला असाच माल विकला. इथली बरीच मुले हल्ली स्वतः डॅक बांधू लागली आहेत, त्यांच्यासाठी हे सगळे लिहितो आहे.

आमच्या घरी उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे. अतिविलंबित झुमरा, मंद्रातले स्वर आणि मागे विरत जाणारा तंबोरा. हे बारीक आवाज नीट ऐकू यावेत म्हणून मी फिलिप्सची टीडीए१५४१ए ही जुनी १६ बिटांची चिप निवडली. या चिपच्या निवडक नगांवर, म्हणजे एस१ दर्जावर, कंपनी मुकुटाची खूण छापत असे. अगदी हळू आवाजाच्या सिग्नललाही त्यांची अचूकता टिकते, म्हणून त्यांना साध्या नगाच्या कित्येक पट भाव येतो. पण चिपचे उत्पादन केव्हाच बंद झाले आहे. अधिकृत दुकानात ती मिळत नाही, सगळा व्यवहार जुन्या मालाचा आणि विकणाऱ्याच्या शब्दावर. बनावट माल करणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार?

विक्रेता जेल रोड भागातला. मुकुटवाल्या टीडीए, आउटपुटसाठी ओपीए६२७ हे ऑपॅम्प (सिग्नल वाढवून पुढे देणारी चिप) आणि पॉवर सप्लायचे कपॅसिटर असा सगळा सेट त्याने समोर मांडला. माल कुठला, असे मी स्पष्ट विचारले. "भिया, एक सर्विस सेंटर बंद हुआ, उसका पुराना स्टॉक है. एकदम ओरिजिनल." बिल मागितले, तर "बाद में व्हॉट्सॲप कर देंगे." ते कधी आले नाही. पैसे मी यूपीआयने दिले होते, तेवढाच पुरावा हातात राहिला.

आमच्या शेजारचे काका कॅटमधून, म्हणजे राजा रामण्णा केंद्रातून, निवृत्त झालेले. सोल्डर करण्याआधी त्यांनी चिप भिंगाखाली धरल्या. टीडीएच्या पाठीवर रंगाखाली एका दिशेने गेलेले घासल्याचे ओरखडे दिसत होते, आणि साच्याचा गोल खळगा रंगाने अर्धा बुजला होता. ॲसिटोनचा बोळा फिरवल्यावर मुकुटच नव्हे, तर काळा थरही उतरला. इथे एक सांगायला हवे. त्या काळच्या चिपवर शाईचीच छपाई असे, त्यामुळे नुसती अक्षरे पुसली गेली म्हणून चिप खोटी ठरत नाही. काळा थर निघून खाली घासलेला पृष्ठभाग दिसला, की मात्र शंकेला जागा उरत नाही. उलट, हल्लीचे काही थर ॲसिटोनलाही दाद देत नाहीत, म्हणून या परीक्षेत पास झालेली चिप खरीच असेल असेही नाही. खाली साधी टीडीए१५४१ए असण्याची शक्यता आहे. ती वाजेलही. मी पैसे मुकुटाचे दिले होते.

ओपीए६२७ची लबाडी अधिक चलाख होती. काकांनी ती सॉकेटात बसवून बफर म्हणून, म्हणजे सिग्नल न वाढवता तसाच पुढे देईल अशी, जोडली, इनपुटपासून ग्राउंडला १ मेगाओहमचा रेझिस्टर लावला आणि ±१५ व्होल्ट दिले. साधा बायपोलर ऑपॅम्प असता तर इनपुटच्या करंटमुळे आउटपुटला कितीतरी मोठा व्होल्टेज दिसला असता. तो दिसला नाही, म्हणजे आत ओपीए६२७सारखाच एफईटी, म्हणजे जवळजवळ करंट न ओढणारा, इनपुट होता. क्षणभर वाटले, हा तरी खरा निघाला. पण मीटर तीन मिलिव्होल्टांच्या वर होता, आणि खऱ्या ओपीए६२७चा ऑफसेट, म्हणजे इनपुट शून्य असतानाही दिसणारा व्होल्टेज, एका मिलिव्होल्टाच्याही बराच आत असतो. मग सप्लायच्या वाटेत मीटर लावून करंट मोजला. डेटाशीटप्रमाणे ७ मिलिअँपिअरच्या आसपास हवा, आला दीडच्या जवळ. हे टीएल०७१ या साध्या ऑपॅम्पच्या जातीचे आकडे. ती चिप दहा-वीस रुपयांत मिळते, अस्सल ओपीए६२७चा एक नग हजाराच्या वर जातो. कपॅसिटरवर ४७०० मायक्रोफॅरड छापलेले, कपॅसिटर मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर निम्मेही भरले नाहीत.

विक्रेत्याकडे परत गेलो तेव्हा त्याचे एकच पालुपद: "आवाज आ रही है ना?" अजून डॅकमध्ये काही जोडलेच नाही म्हटल्यावर, ॲसिटोन लावलेला माल वापस नहीं होता, असे म्हणून त्याने पाठ फिरवली. मुकुट पुसला गेला हेच तो माझ्याविरुद्ध वापरत होता, म्हणून पुसण्याआधी प्रत्येक चिपचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. आमच्याकडे ते फोटो होते. यूपीआयची नोंद, त्याचे व्हॉट्सॲप मेसेज आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत २ वर्षांची.

आता माझे मत असे झाले आहे की पहिला डॅक बांधणाऱ्याने बंद झालेल्या चिपच्या वाटेला जाऊच नये. पीसीएम१७९४ए ही डॅक चिप घ्या, छोट्या कामाला पीसीएम५१०२ए घ्या. त्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या अधिकृत वितरकांकडे, माउझर, डिजीकी यांच्याकडे, मिळतात. कुरिअरचा खर्च जड वाटतो, म्हणून इथल्या चार जणांनी मिळून ऑर्डर द्यावी. आउटपुटला एनई५५३२ हा साधा ऑपॅम्प लावा. खरा एनई५५३२ खोट्या ओपीए६२७पेक्षा शंभरदा बरा, आणि स्वस्तही. ऑपॅम्पला बोर्डावर सॉकेट ठेवा, म्हणजे मोजून पाहता येते.

काकांनी ते चाचणीचे छोटे बोर्ड मोडलेले नाही. इंदुरात कुणी 'पुराना स्टॉक' म्हणून ओपीए६२७ घेतली असेल, तर सोल्डर करण्याआधी घेऊन या, ऑफसेट आणि करंट, दोन्ही आकडे मोजून देऊ.