वरचा मजला भाड्याने दिला: पावसाळ्यापासून आत्तापर्यंतचा अनुभव, आणि सबमीटरचं प्रकरण

पुण्यात धायरीत आमचं स्वतःचं दुमजली घर आहे. मुलगा बंगळुरूला गेल्यापासून वरचा मजला रिकामाच होता. ह्यांची पेन्शन बेताची, म्हणून जूनमध्ये वरचे दीड खोली-किचन भाड्याने दिले. भाडं चौदा हजार, डिपॉझिट पन्नास हजार. बहुतेक जण भाडं किती मिळतं, भाडेकरू कसे निघाले एवढंच विचारतात. भाडेकरू उत्तम आहेत, भाडं पाच तारखेच्या आत येतं. मला लिहायचंय ते विजेच्या मीटरबद्दल. घर भाड्याने देणाऱ्याची बाकी सगळी तयारी झालेली असते आणि हीच एक गोष्ट वायरमनच्या भरवशावर सोडलेली असते.

आधी कॉट बेसिसचा, म्हणजे दर खाटेमागे भाडं घेऊन मुलं ठेवायचा, विचार केला होता. वडगाव-आंबेगावच्या कॉलेजांमुळे आमच्याकडे मुलांची मागणी भरपूर. चार कॉट टाकल्या तर महिन्याला वीस हजारांच्या वर जातात, हे शेजारी बघतोय. पण त्यात दर सुट्टीला जागा रिकामी होते, पाणी दुपटीने लागतं आणि रोज कोण आलं, कोण गेलं याकडे लक्ष ठेवावं लागतं. साठीनंतर ते आमच्याच्याने होणार नाही, म्हणून कुटुंबालाच द्यायचं ठरवलं. कॉलनीतल्या ओळखीतून लातूरकडचं एक तरुण जोडपं मिळालं आणि दलाली वाचली.

कराराबद्दल थोडक्यात सांगते, कारण यात अजून खूप गैरसमज आहेत. 'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही' हे महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग मुदत कितीही असो. ती जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या दहा टक्के दराने धरलेल्या व्याजावर पाव टक्का. आमचे साधारण चारशे रुपये झाले. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार, ग्रामीण भागात पाचशे. घरी बसून आधार आणि अंगठ्यावर काम होतं. मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, पण त्यासाठी हातात नोंदणीकृत करार लागतो. हजार-दीड हजार वाचवायला कोणी हे टाळत असेल तर मला ते पटत नाही. पैसा मीही मोजून खर्च करते, पण इथे नाही.

आता मीटर.

घराला महावितरणचं मीटर एकच होतं, सासऱ्यांच्या वेळचं. वायरमनने सांगितलं, वर सबमीटर, म्हणजे मुख्य मीटरनंतर फक्त वरचा वापर मोजणारं मीटर, टाकू, स्वस्तात काम होईल. जिन्याखाली एक छोटं पांढरं मीटर बसलं. त्यावर आकडे दाखवणारी पट्टी आणि बाजूला एक बारीक लाल दिवा. दर महिन्याला रीडिंग घ्यायचं आणि पैसे मागायचे. दर किती लावायचा हा पहिला प्रश्न. आमच्या भागात बरेच मालक सरसकट बारा-पंधरा रुपये युनिट लावतात. मला ते योग्य वाटत नाही. भाडं हे आपलं उत्पन्न आहे, विजेवर नफा घ्यायचं कारण नाही. म्हणून आलेलं पूर्ण बिल भागिले एकूण युनिट, जो दर निघेल तो दोघांना सारखा, असं ठरवलं आणि करारात लिहिलं. पहिले काही महिने ही पद्धत मला अगदी चोख वाटत होती.

दिवाळीला भाडेकरू दोघं चार दिवस गावाला गेले. परत आल्यावर त्यांच्यातली मुलगी खाली आली. "काकू, राग मानू नका, पण आम्ही फ्रिजसुद्धा रिकामा करून बंद केला होता. निघताना मीटरचा फोटो काढला होता. पाच-सहा युनिट पुढे कसं गेलं?" दोन्ही फोटो तिने दाखवले. हे म्हणाले, जुन्या वायरिंगमध्ये गळती असेल. मला ते पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वरचे सगळे एमसीबी (वीज तोडायचे स्विच) खाली करायला सांगितले आणि मी जिन्याखाली मीटरसमोर उभी राहिले. आमच्या मीटरवर बारीक अक्षरात ३२०० इम्प असं छापलेलं होतं. म्हणजे तो लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. दिवा शांत होता. पाणी यायच्या वेळेला ह्यांनी खालच्या टाकीची मोटर चालू केली आणि दिवा सेकंदाला जवळजवळ एकदा लुकलुकायला लागला. मोटर बंद, दिवा बंद. पुन्हा चालू, पुन्हा तेच. एक अश्वशक्तीची मोटर, दोन्ही मजल्यांचं पाणी चढवणारी, वायरमनने वरच्या सबमीटरमधून जाणाऱ्या लाईनवर जोडली होती. जिन्याचा दिवाही त्यावरच. म्हणजे आमच्या घरात वापरलेल्या पाण्याची वीज ही मुलं जूनपासून भरत होती.

वायरमनला फोन केला तर म्हणाला, "एवढ्याने काय होतंय, रोजचं युनिटभर." रोजचं युनिट म्हणजे महिन्याचे तीस. शिवाय ती लाईन काढून खाली घ्यायची मजुरी वेगळी मागितली. स्वतःच्या कामातली चूक दुरुस्त करायचे पैसे मी देणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. बरेच दिवस आज येतो, उद्या येतो चाललं. शेवटी दुसऱ्या माणसाकडून काम करून घेतलं आणि त्याची मजुरी पहिल्याच्या राहिलेल्या पैशांतून कापली. मुलांचा जूनपासूनचा हिशोब काढून पुढच्या भाड्यातून वजा केला. ती नको नको म्हणत होती, पण ते पैसे आमचे नव्हतेच.

हे निस्तरल्यावर मी बिलं पुढ्यात घेऊन बसले आणि सबमीटरबद्दलचं मतच बदललं. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो: शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. शंभरच्या पुढे गेलं की युनिटचा भाव जवळजवळ दुप्पट होतो आणि त्या सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क. आम्ही दोघं म्हातारी माणसं महिन्याला नव्वद युनिटच्या आत. वरचे दीडशेच्या आसपास. एका मीटरवर २४० युनिट, म्हणजे स्वस्तातले शंभरच आणि महाग १४०. दोन मीटर असते तर आमचे नव्वदही स्वस्तात आणि त्यांचे शंभरही, महाग फक्त पन्नास. महिन्याला नव्वद युनिट उगाच वरच्या दराने जात होते. दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार धरूनही तीनेकशे रुपये वाचतात, आणि रीडिंगची कटकट कायमची जाते.

म्हणून वरच्या मजल्याला महावितरणचं वेगळं कनेक्शन घेतलं. अर्ज ऑनलाइन केला, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडला, सुरक्षा ठेव भरली. वरचा जिना, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम सगळं वेगळं आहे, ते बघायला माणूस येऊन गेला. घरातलीच एखादी खोली देणाऱ्याला हे जमणार नाही. त्यांनी सबमीटरच लावावं, पण पहिल्याच दिवशी भाडेकरूला शेजारी उभं करून सगळे एमसीबी पाडावेत, मोटर चालू करावी आणि लाल दिव्याकडे बघावं. पाच मिनिटांचं काम आहे.

आता उत्पन्नाचं. वर्षाचे एक लाख अडुसष्ट हजार ऐकायला छान वाटतात. पुण्यात स्वतः राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, ती २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. भाड्याने दिलेल्या भागाला ती मिळत नाही, हे आधीच धरून चाला. आयकरात मात्र दिलासा आहे. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीची एक पावतीही दाखवावी लागत नाही. समजा मिळकतकर आठ हजार भरला, तर एक लाख साठ हजारांतून अठ्ठेचाळीस हजार जाऊन करपात्र रक्कम एक लाख बारा हजार राहते. रंग, नळ, गच्चीचं वॉटरप्रूफिंग हे पहिल्या वर्षी खातंच.

गच्चीवर मोबाईल टॉवर लावा, महिना पन्नास हजार देऊ, असे फोन आम्हालाही आले. आधी 'नोंदणी फी' मागतात. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने स्वतःच सांगितलंय की ते असल्या कामासाठी ना हरकत देत नाहीत की पैसे घेत नाहीत. असा फोन आला की ठेवून द्या.

सोलरचं मनात आहे. सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण आमचा वापर नव्वद युनिट आणि एक किलोवॉट महिन्याला साधारण एकशे वीस करतं. तेवढ्यासाठी गच्ची अडवावी का, यावर ह्यांचं आणि माझं अजून एकमत नाही. आणि वरच्यांचे कपडे वाळतात तिथे. मे महिन्यात कराराचं नूतनीकरण आहे. भाडं पाच टक्के वाढवणार आहे, त्यांना सांगूनही झालंय. विजेची अट करारातून काढून टाकू, बिल त्यांचं ते भरतात.